सही घेतली म्हणजे झालं? कॅन्सर नर्सचं खरं कौशल्य मोजायचं कसं

स्तनाचा कॅन्सर लवकर लक्षात आला, तर अनेक बायकांसमोर दोन पर्याय असतात. पूर्ण स्तन काढायचा, किंवा फक्त गाठ काढून रेडिएशन घ्यायचं. अमेरिका आणि इटलीत २० वर्षं पाठपुरावा करून २००२ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले : जगण्याची शक्यता दोन्हीत जवळपास सारखीच. मात्र फक्त गाठ काढल्यास त्याच स्तनात आजार उलटण्याचा धोका थोडा जास्त, शिवाय रेडिएशनसाठी हेलपाटे. म्हणजे काय सोसायचं, हे त्या बाईलाच ठरवू द्यायला हवं.

पेशंट आणि उपचार करणाऱ्यांनी मिळून ठरवणं, यालाच सामायिक निर्णय म्हणतात. डॉक्टर राउंड संपवून गेले की ‘सिस्टर, ते काय म्हणाले हो?’ हा प्रश्न नर्सलाच येतो. सलाइन नीट लावलं का, हे बघून कळतं. पण पेशंटला निर्णयात सामील करून घेतलं का, हे कसं मोजायचं?

त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, नर्सने स्वतः प्रश्नावली भरायची. सोपं आहे, पण आपल्याच पेपरला आपणच मार्क दिल्यासारखं.

दुसरा, तिऱ्हाइताने संभाषण ऐकून गुण द्यायचे. वेल्समध्ये डॉक्टरांसाठी तयार झालेल्या ‘ऑप्शन’ या मोजपट्टीत १२ मुद्दे होते, प्रत्येकाला ० ते ४ गुण. पर्याय सांगितले का, शंका विचारायला वाव दिला का, असे. पण कोणी ऐकतंय म्हटल्यावर माणूस जपूनच बोलतो.

तिसरा, पेशंटलाच विचारायचं. ‘कोलॅबोरेट’मध्ये ३ च प्रश्न आहेत : समजावून सांगितलं का, ऐकून घेतलं का, तुम्हाला महत्त्वाचं वाटतं ते निर्णयात धरलं का. इथेही अडचण आहेच. जिच्या हाती आपली शुश्रूषा, तिला कमी मार्क कोण देणार?

म्हणून एकाच मापावर विसंबून चालत नाही. शिवाय घरात मराठी, वॉर्डात कन्नड आणि फॉर्म इंग्रजी असेल, तर प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर पुरत नाही. ती इथल्या पेशंटना तशीच कळते का, हे आधी तपासावं लागतं.

२००८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट केलं, की संमती घेण्याआधी उपचाराचे फायदे, धोके आणि इतर पर्याय पेशंटला सांगायला हवेत. ‘कळलं ना?’ विचारलं की पेशंट मान डोलावतोच. ‘काय समजलं ते तुमच्या भाषेत सांगा बघू,’ असं म्हणणारी आणि उत्तर चुकलं तर न चिडता पुन्हा समजावणारी नर्स या कामात तयार झाली, असं म्हणता येईल.