हेतू, जाणीव आणि मनुष्यवधाचा कायदा

प्राणिहिंसेपासून विरत राहणे हे पंचशीलातील पहिले शील होय. अट्ठकथेत पाणातिपाताची पाच अंगे सांगितली आहेत : जिवंत प्राणी, तो जिवंत असल्याची जाणीव, वधाचे चित्त, त्यासाठीचा प्रयत्न आणि त्या प्रयत्नाने घडलेला मृत्यू. अर्थात, मृत्यूबरोबर चित्तही तपासावे लागते. फौजदारी कायद्याची दृष्टीही अशीच आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. मूळ वर्गीकरण मात्र कायम राहिले. मृत्यू घडविण्याच्या अथवा मृत्यू संभवेल अशी इजा करण्याच्या उद्देशाने, किंवा मृत्यू संभवतो हे जाणून केलेली कृती म्हणजे सदोष मनुष्यवध (कलम १००). उद्देश वा जाणीव अधिक तीव्र असेल तर तो खून ठरतो (कलम १०१). गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ, अकस्मात झालेले भांडण इत्यादी पाच अपवादांत तो पुन्हा सदोष मनुष्यवधाच्या पातळीवर येतो. निव्वळ हयगयीने घडलेला मृत्यू कलम १०६ खाली येतो.

परंतु वध कोणत्या कारणास्तव झाला, हा प्रश्न उरतोच. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी ठरवून सहा जणांना फाशी दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा पंचवीस वर्षांच्या सश्रम कारावासात बदलली. खून सिद्ध झाला. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र लागू झाला नाही. हत्येमागे सूड मानला गेला, जात नव्हे.

त्या कायद्याच्या कलम ३(२)(पाच) मध्ये तेव्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणास्तव' गुन्हा घडल्याचे सिद्ध करावे लागे. २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तेथे पीडिताची जात 'ठाऊक असताना' अशी अट आली. शिवाय आरोपी पीडितास वा त्याच्या कुटुंबास व्यक्तिशः ओळखत असेल, तर त्यास जात ठाऊक होती असेच न्यायालयाने गृहीत धरावयाचे. विरुद्ध सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. याउलट न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये, पाच वा अधिक जणांनी जातीच्या कारणावरून केलेल्या खुनासाठी, कारण सिद्ध करणे आजही आवश्यक आहे.

म्हणून फिर्याद नोंदविताना पीडिताची जात आणि आरोपीशी असलेली पूर्वओळख स्पष्टपणे लिहून घेणे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपले कर्तव्य मानावे.