फोटोंची वळकटी

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे ५०० फोटो दाखवणारा प्रोग्रॅम तुम्ही लिहिला आहे, असे समजा. प्रत्येक फाइल ४० लाख बाइटांची. म्हणजे सारे मिळून २०० कोटी बाइट, अर्थात २ गिगाबाइट. संगणकाची स्मृती, म्हणजे रॅम, ८ गिगाबाइटची. जागा मुबलक दिसते. तरीही दीडशेच्या आसपास फोटो उघडताच संगणक मंदावतो आणि अखेर प्रोग्रॅम बंद पडतो. असे का व्हावे?

फाइल ही अंथरुणाच्या वळकटीसारखी असते. वळकटी कोपऱ्यात मावते. पण झोपायचे तर ती उलगडावी लागते आणि मग ती खोली व्यापते. फोटो असे आवळून बांधण्याची जेपीईजी पद्धत १९९२ मध्ये प्रमाणित झाली. पडद्यावर दाखवताना मात्र प्रत्येक बिंदूचा रंग स्मृतीत वेगळा मांडावा लागतो. तांबडा, हिरवा व निळा यांना एकेक बाइट आणि बहुधा पारदर्शकतेसाठी चौथा.

आता गणित करू. ४००० × ३००० बिंदूंच्या फोटोत १ कोटी २० लाख बिंदू असतात. चारने गुणले की ४ कोटी ८० लाख बाइट झाले. फाइलच्या बारा पट! ५०० फोटोंना २४ गिगाबाइट लागतील.

यावर उपाय तीन. पहिला, फोटो हवा तेवढाच उलगडावा. जेपीईजी फाइल वाचतानाच लांबी-रुंदी एक अष्टमांश करता येते. मग बिंदू ६४ पट कमी होतात आणि एका फोटोला साडेसात लाख बाइट पुरतात. आधी पूर्ण उलगडून नंतर लहान केला, तर तेवढ्या वेळापुरती पूर्ण जागा लागतेच.

दुसरा, पडद्यावर २० फोटो दिसत असतील तर तेवढेच उलगडावेत. त्यांना फक्त दीड कोटी बाइट लागतील.

तिसरा, पाहून झालेले काही फोटो हाताशी ठेवावेत. पण त्यांना मर्यादा घालावी. ती भरली, की ज्याच्याकडे सर्वांत जास्त वेळ पाहिलेले नाही, त्या फोटोची जागा आधी मोकळी करावी.

तुमच्या एखाद्या फोटोची लांबी-रुंदी बिंदूंत पाहा. त्यांचा गुणाकार करून चारने गुणा आणि उत्तर फाइलच्या आकाराशी ताडून पाहा. प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी हे गणित कागदावर केले, तर तो मध्येच बंद पडण्याची वेळ सहसा येणार नाही.