जोड दाखवणे : हातांनी केलेल्या वस्तू एकमेकांना दाखवण्याविषयी

टेबलावर हा चौरंग उलटा ठेवला आहे, तो चुकून नाही. मघाशी संयोजकांपैकी एकाने तो सुलटा केला होता, आम्ही पुन्हा उलटा केला. व्याख्यान त्याच्या पायांवर आहे, पाटावर नाही.

आधी आमची ओळख. आम्ही म्हणजे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली सात निवृत्त माणसं. कुणी बँकेत होतं, कुणी गुरांचे डॉक्टर, एक शाळेत हस्तव्यवसाय शिकवायचे, आणि प्रस्तुत वक्ता तत्त्वज्ञान शिकवत होता, म्हणजे हातांनी काहीच न करण्याचा पगार घेत होता. महिन्यातून एकदा आम्ही कऱ्हाडला जमतो. दोन्हीकडच्यांना ते मधे पडतं. प्रत्येकाने महिनाभरात जे काही केलं असेल ते आणायचं. पोळपाट, देवघर, पुस्तकांची मांडणी, नातवंडांची बैलगाडी. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असे मारुतीही पुष्कळ येतात.

पहिली तीन वर्षं आमच्या बैठकीत एकच शब्द वापरला जात होता : ‘छान’. वस्तू हातात घ्यायची, पाटावरून बोट फिरवायचं, छान म्हणायचं, चहा. आम्हाला वाटायचं, हीच देवाणघेवाण.

मग हा चौरंग आला. आमच्या एका स्नेह्यांनी केलेला, साग, सुरेख पॉलिश. सगळ्यांनी हात फिरवला, सगळे छान म्हणाले. आता या मागच्या उजव्या पायाकडे बघा. आडव्या पट्टीच्या टोकाला चौकोनी जीभ कोरतात, तिला सुतार कुसू म्हणतात. ते कुसू पायाच्या खाचेत शिरतं आणि पट्टीचा खांदा पायाला घट्ट टेकतो. कुसू धरून ठेवतं, खांदा जोड डुलू देत नाही. इथे खांदा टेकलेलाच नव्हता. सूतभर फट होती. ती लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून बुजवली होती. हे कसं कळतं? फेविकॉल बसलेल्या जागी लाकूड रंग पीत नाही, पॉलिशखाली फिकट डाग राहतो. तो डाग आम्ही पाहिला होता. हस्तव्यवसायाच्या सरांनीही पाहिला होता. आमची नजरानजर झाली आणि दोघेही छान म्हणालो. माणूस आनंदात होता, कशाला.

त्यात लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. उन्हाळ्यात ते आटलं, कुसू बारीक झालं, आणि भाद्रपदात, गौरी जेवल्या त्या संध्याकाळी, आरती चालू असताना हा पाय सुटला. मूर्ती कलंडली, एक हात तुटला. घरात काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. पुढच्या बैठकीला ते गृहस्थ आले, चौरंग पिशवीतून काढला आणि म्हणाले, ‘‘मूर्ती मातीची होती, विसर्जन व्हायचंच होतं. घरच्यांनी क्षमा मागून केलं विसर्जन. पण सर, तुम्ही दोघांनी बघितलं होतं ना?’’

आम्ही हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? नीतिशास्त्र आम्ही पस्तीस वर्षं शिकवलं आहे.

हा प्रश्न मनात घेऊन आम्ही पुन्हा पुस्तकांकडे गेलो. जुनी खोड. हातातलं ज्ञान दुसऱ्याला देता येतं का, यावर चीनमधल्या च्वांग-त्झूच्या ग्रंथात एक गोष्ट आहे. राजा थोर पुरुषांचा ग्रंथ वाचत बसलेला असतो. खाली चाकं करणारा एक सुतार त्याला विचारतो, हे लिहिणारे जिवंत आहेत का? नाहीत म्हटल्यावर तो म्हणतो, मग तुम्ही चोथा वाचताय. राजा चिडतो, तेव्हा तो आपल्या चाकाचं उदाहरण देतो : घाव किती हळू आणि किती जोरात, हे हाताला कळतं, तोंडाने सांगता येत नाही, ते मुलाला देता आलं नाही, म्हणून सत्तरीतही स्वतःच चाकं करतो आहे. विसाव्या शतकात मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९५८ च्या आपल्या ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात हेच वेगळ्या वाटेने मांडलं. त्याचं उदाहरण व्हायोलिनचं. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी स्ट्राडिव्हेरी जे रोजच्या कामात सहज करत होता, ते आज सूक्ष्मदर्शक आणि रसायनशास्त्र वापरूनही जसंच्या तसं जमत नाही. असं ज्ञान गुरूच्या शेजारी बसूनच उतरतं, असा त्याचा निष्कर्ष.

आम्हाला हे अर्धंच पटतं. कधी हातात पटाशी न धरलेल्या माणसाला सांगता येत नाही, हे खरं. पण ज्याने स्वतः दहा खाचा बिघडवल्या आहेत, त्याला ‘खांदा टेकला नाही’ एवढे तीन शब्द पुरतात. राजाला चाक समजावणं अवघड होतं, कारण राजा चाक करत नव्हता. शेजारचा सुतार असता तर एका हुंकारात काम झालं असतं. आणि आम्हा हौशी लोकांना तर गुरू नाही. शेजारी बसायला आहे कोण? आपल्यासारखाच एक चुकणारा. म्हणून तो जे बघतो ते त्याने बोलणं, हाच आमचा सगळा गुरुकुलाचा खर्च.

हे नीट तपासायला सांगली जिल्ह्यासारखी जागा नाही. मिरज तर आपल्याला परकी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, हत्यारांना धार लावण्याचं काम करणाऱ्या शिकलगार समाजातले फरीदसाहेब तंतुवाद्यांच्या कामाकडे वळले, आणि त्यांच्यापासून सितारमेकरांची परंपरा सुरू झाली. तंबोऱ्यासाठी भोपळा सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. दांडीला तुणाचं लाकूड. भोपळा वाळवायचा, कापायचा, तबली बसवायची, दांडी जोडायची, खुंट्या, मणी, आणि शेवटी घोडी.

घोडीपाशी जरा थांबू. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात ती घोडी सपाट दिसते, सपाट नसते. तिला अगदी किंचित उतार असतो. तार सुटताना त्या उतारावर पुन्हापुन्हा घासून जाते, त्यातून तो भरलेला, गुंजणारा नाद येतो, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो नेमका जागेवर आणतात. याला जवारी म्हणतात. उतार किती? आम्ही मिरजेत एका वयस्कर कारागिरांना हे विचारलं. (त्यांना सगळे चाचा म्हणतात, आम्हीही म्हणतो, वयाने आम्हीच मोठे असलो तरी.) चाचांनी आकडा सांगितला नाही. कानस दोनदा फिरवली, तार छेडली, एकदा फिरवली, तार छेडली. ‘‘ऐका सर, आता उघडली.’’ आम्हाला फरक ऐकू आला, पण कुठल्या फिरवण्याने पडला ते कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग चाचांनीही सगळं खुलेपणाने शिकवावं की. इथे आम्ही हात जोडतो. आमचा तो छंद आहे, त्यांचं ते पोट आहे. आम्ही फुकट वाटू शकतो, कारण पेन्शन येतं. गावगाड्यात सुतार बलुतेदार होता. त्याच्या हातातलं कसब हीच त्याची जमीन होती, आणि ती दुसऱ्याच्या नावावर करून दे असं कोणी त्याला सांगू नये. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचाही अर्थ लोक चुकीचा घेतात. ते मानांकन ‘मिरज’ या नावाचं रक्षण करतं, दुसरीकडे केलेलं वाद्य मिरजेचं म्हणून विकता येत नाही. जवारी काढण्याचं कसब त्या कागदात नाही. ते हातातच आहे.

आता हौशी लोकांकडे येऊ. सातारा आणि सांगली यांच्यामधली अशी देवाणघेवाण आम्ही सुरू केली, असं आम्हाला वाटत होतं. शंभर वर्षं उशिरा आलो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवलांचे बंधू, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. आणि साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश ई. क्लेमेंट्स. एक महसूल खात्यातला, एक न्यायखात्यातला, दोघांचा पेशा काही वाद्यांचा नाही. छंद एकच, बावीस श्रुती मोजायच्या. तारेची लांबी मोजून स्वरांची गुणोत्तरं काढण्याचा देवलांचा प्रयत्न होता, आणि या प्रयोगांत गायला अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गळा होता. देवलांचं पुस्तक १९१० चं, क्लेमेंट्सचं १९१३ चं.

हे काय प्रकरण आहे ते घरी करून बघता येतं. एक लांब फळी, तिच्यावर दोन आधारांमध्ये ३६ इंच तार ताणायची. पूर्ण तार षड्ज. २७ इंचांवर मध्यम, २४ वर पंचम, १८ वर तार षड्ज. हे सोपं. गंमत ऋषभाची आहे. एका हिशोबाने तो ३२ इंचांवर येतो, दुसऱ्या हिशोबाने ३२.४ वर. एका सेंटिमीटरच्या अंतरात दोन ऋषभ, आणि दोन्ही गायले जातात. नेहमीच्या हार्मोनियमला ऋषभाच्या जागी एकच पट्टी, ती यातला एकही नेमका देत नाही. म्हणून क्लेमेंट्स यांनी श्रुतींच्या हिशोबाने वेगळी पेटी आखली आणि १९११ मध्ये ती लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून करून घेतली.

आमच्या मनात जे भरलं ते पुढचं. ही पेटी त्यांनी दिवाणखान्यात ठेवून चार मित्रांकडून छान म्हणवून घेतलं नाही. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ती सगळ्यांसमोर मांडली. समोर पंडित भातखंड्यांसारखे लोक आणि मुरलेले गवई. त्यांनी ती, आमच्या भाषेत, उलटी करून बघितली. पेटीतला स्वर आणि गवयाच्या गळ्यातला स्वर जुळत नाही, असा आक्षेप आला. श्रुतिपेटी पुढे रूढ झाली नाही. तिचा आकडा पुस्तकांतून पुष्कळ फिरला. आकडा नसलेला मिरजेचा तंबोरा मात्र देशभर फिरला. पण म्हणून देवल-क्लेमेंट्स हरले असं आम्ही म्हणणार नाही. मोजमाप उघडं करून दाखवलं होतं म्हणूनच कुठे जुळत नाही ते दुसऱ्याला बोट ठेवून सांगता आलं. भुसा भरून बुजवलेल्या पेटीवर कोणी वाद घालू शकलं नसतं.

ती ३६ इंची फळी आम्हीही केली. फणसाची. २४ इंचांवर पक्की खूण केली, तार दाबली, आणि पंचम चढा लागला. गणित बरोबर, स्वर चूक. आम्ही दोन दिवस लाकडाला दोष दिला. नाचता येईना अंगण वाकडं. मग कऱ्हाडला नेली. डॉक्टरांनी बघितली आणि विचारलं, ‘‘तुम्ही तार दाबताय किती?’’ तार फळीपासून फार उंच होती. बोटाने खाली दाबली की ताण वाढतो, ताण वाढला की स्वर चढतो. बोटाऐवजी तारेखाली सरकणारी, तिला जेमतेम टेकणारी घोडी ठेवायची. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यांना कळलं कारण त्यांनी नातीसाठी एकतारी करताना हेच बिघडवलं होतं.

चौरंगाच्या प्रकारानंतर आमच्या बैठकीत दोन बदल झाले. वस्तू पॉलिशच्या आधी आणायची, कोऱ्या लाकडात. आणि टेबलावर उलटी ठेवायची. बसणाऱ्याने पहिल्यांदा जोड बघायचे, मग पाट. सुरुवातीला फार जड गेलं. एकमेकांच्या सुनांना स्वयंपाकातलं उणं सांगावं तसं वाटायचं. दोघांनी काही महिने येणंच थांबवलं, त्यातले एक परत आले. दुसरे आले नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत आम्ही बोललो ते बरोबर की चूक, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्या देवघराच्या दाराबद्दल बोललो होतो. दार वाकलं होतं खरं. पण ते त्यांच्या पत्नीने शेवटच्या आजारपणात मागून घेतलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

चौरंगाचा हा पाय मूळ मालकांनीच पुन्हा केला आहे. जुनं कुसू कापून नवं बसवलं, खांदा रंध्याने सरळ केला, फेविकॉल नाही, आरपार लाकडी खुंटी मारली आहे. पॉलिश मुद्दाम केलेलं नाही. यंदा गणपती यावरच बसणार आहे. व्याख्यान संपल्यावर पुढे या, हातात घ्या. डाव्या पुढच्या पायापाशी आम्हाला अजून थोडी शंका आहे. ते गृहस्थ तिसऱ्या रांगेत बसले आहेत, त्यांना सांगा.