डेंग्यूचा ताप आणि मेंदू

डेंग्यू हा विषाणूमुळे होणारा ताप आहे. तो एडिस डासामुळे पसरतो. या डासाच्या पायांवर पांढरे पट्टे असतात व तो दिवसा चावतो.

डेंग्यूत अंग, डोके लई दुखते. पण थोड्या रोग्यांच्या मेंदूवरही परिणाम होतो. कधी विषाणू मेंदूत शिरतो, कधी रक्तातले मीठ कमी होते किंवा लिव्हर बिघडते. मग माणूस बरळतो, सारखा झोपतो, झटके येतात. काहींच्या हातापायांतली शक्ती जाते.

माझ्या मामाचा मुलगा तापात बरळायला लागला. आजी म्हणली, "बाहेरचं झालंय, अंगारा लावा." पण मामांनी त्याला लगेच दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." आता तो शाळेत जातो.

या विषाणूवर खास औषध नाही. ॲस्पिरिनची गोळी मनाने देऊ नये.

आपल्याकडे पाण्याची टंचाई, म्हणून आपण रांजण, हौद भरून ठेवतो. त्यातच डास अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा रांजण घासून कोरडा करा, कारण अंडी कडेला चिकटतात. पाणी वाया घालवू नका, झाडाला घाला.

आईबाबांनो, तापात लेकरू बरळले तर अंगाऱ्याची वाट पाहू नका!

— इयत्ता ४ थी, नांदूरघाट