दाह कां आवरत नाहीं?

वसुलाच्या चाकरींत असतां एका खातेदाराचें उदाहरण आमच्या पाहण्यांत आलें. गृहस्थ चांगले लिहितेवाचते. परंतु दोन्ही हातांचीं बोटें सुजून वांकडीं झाल्यामुळें सहीऐवजीं अंगठा उठवूं लागले. “कामानें हात झिजले,” असें ते म्हणत. डॉक्टरांनीं आमवात ठरविला, पण तो फार उशिरां. ह्या रोगाच्या मुळाशीं काय असतें, तें येथें थोडक्यांत सांगतों.

विळा लागला असतां जखम लाल होते, सुजते व ठणकते. हा दाह होय. जंतूंशीं लढण्यास रक्तांतील पांढऱ्या पेशी तेथें जमतात. ह्या फौजेंत लढणाऱ्यांस आवरणाऱ्या नियामक पेशीही असतात. त्या नसत्या, तर फौज घरच्यांवरच उलटती. १९९५ सालीं जपानांतील शिमोन साकागुची ह्यांनीं त्या उंदरांत दाखवून दिल्या. ह्या विषयावरील कार्याबद्दल त्यांस, अमेरिकेच्या मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल ह्यांजसह, २०२५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

दाह सुरू झाला म्हणजे पेशी इंटरल्युकिन-६ नामक प्रथिन सोडतात. तें निरोप्याचें काम करतें. नव्या पेशीस टीजीएफ-बीटा ह्या दुसऱ्या प्रथिनाचा निरोप एकटाच पोंचला, तर ती नियामक होऊं शकते. सोबत इंटरल्युकिन-६ आलें, तर तीच दाह वाढविणारी होते, असें उंदरांच्या पेशींवरील २००६ सालच्या प्रयोगांत दिसलें. पाटाचें पाणी एकच. दारें धरणारा ज्या वाफ्याचें तोंड फोडील, तिकडे तें जातें, तसेंच हें.

जंतू असतां ही व्यवस्था हिताचीच आहे. परंतु आमवातांत शत्रु नसतांही सांध्यांत हें प्रथिन पाझरत राहतें. लढणाऱ्या पेशी माजतात, आवरणाऱ्यांचा धाक उरत नाहीं, आणि सांध्याचें हाड झिजूं लागतें.

इंटरल्युकिन-६ चा निरोप अडविणारें टोसिलिझुमॅब हें औषध जपानांत २००८ सालीं आमवातासाठीं मान्य झालें. तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांत नियामक पेशींचें प्रमाण वाढलेलें आढळलें. मात्र राखणदाराचा आवाज बंद केला म्हणजे चोराचेंही फावतें. म्हणून आधीं क्षयाची तपासणी करावी लागते, व औषध चालूं असतां ताप न येतांही जंतूंची बाधा वाढूं शकते.

सकाळीं बोटें तासभर आखडत असतील व सूज सहा आठवडे हटत नसेल, तर ती श्रमाची समजूं नये. डॉक्टरांस वेळीं दाखवावें. झिजलेला सांधा पुन्हां पूर्ववत् होत नाहीं.