कोरड्या बागेंतील करवंद

सोलापूरकडे उन्हाळा तापूं लागला, म्हणजे हौशी गृहस्थाच्या बागेंत एक अडचण उभी राहते. विहिरीचें पाणी खालीं जातें, नळ वेळेवर येत नाहीं, आणि हिरवळ व नाजूक परदेशी रोपें तर रोज पाणी मागतात. १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षीं असें पाणी घालणें म्हणजे शेजाऱ्याच्या घागरींतून काढून घेण्यासारखेंच असतें. अशा बागेला हिरवेपण हवें, पण पाण्याची मागणी नको. आपल्याच डोंगरांतील करवंदीची जाळी ही गरज भागवूं शकते.

येथें एक शंका येते. महाबळेश्वरीं वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि करवंदी तेथेंही आहे. मग ती अवर्षणाला कशी टिकावी? पण तो पाऊस चार महिन्यांत पडून उतारावरून वाहून जातो. पुढचे आठ महिने जांभ्या दगडाच्या भेगांतून मिळेल तेवढ्या ओलाव्यावर या झुडपाला निभवावें लागतें. त्याचीं पानें जाड, तुकतुकीत असून बारमाही हिरवीं राहतात. कण्हेर व तगर यांच्याच कुळांतील हें झुडूप. त्या दोघींप्रमाणें यालाही पांढरा चीक आहे. कण्हेर विषारी, करवंदें मात्र मुलांच्या आवडीचीं, हा निसर्गाचा लहरीपणाच म्हणावयाचा!

पिकलेल्या फळांतील बिया धुऊन लगेच पेराव्या; ठेवून दिल्यास त्यांची उगवण्याची शक्ति झपाट्यानें कमी होते. छाट कलमें सहजीं मुळें धरीत नाहींत. रोपें पावसाळ्याच्या आरंभीं लावावीं. कुंपण हवें असल्यास तीन-तीन फुटांवर, एकेकटें झुडूप वाढवावयाचें असल्यास त्याहून बरेंच दूर. मुरमाड जमीन याला मानवते. काळ्या चिकण मातींत मात्र पाणी सांचून मुळें कुजतात, म्हणून तेथें मुरूम मिसळून उंचवट्यावर लावावें.

काटक झाड म्हणून पहिल्या दिवसापासून त्याला वाऱ्यावर सोडणें ही मोठी चूक होय. पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी द्यावेंच. पण रोज शिंपडण्याऐवजीं आठवड्यांतून एकदां, जमीन खोलवर भिजेल इतकें, आणि बुंध्याभोंवतीं पाचोळा पसरावा. वरवर भिजविल्यास मुळें वरच राहतात आणि कडक उन्हांत होरपळतात. मुळें खालीं गेलीं, कीं पाणी हळूहळू बंद करावें. माळ्याचा हात येथें आवरत नाहीं, हेंच कठीण.

दुसरा अपराध कात्रीचा. करवंदीचीं सुवासिक पांढरीं फुलें फांद्यांच्या शेंड्यांशीं येतात. कुंपण सारखें दिसावें म्हणून हिवाळ्यांत शेंडे कापले, कीं वैशाखांत फळ कोठून येणार? छाटणी फळें उतरल्यावरच करावी. कच्च्या करवंदांचें लोणचें होतें. काळीं पिकलेलीं कोण उरूं देतो? फळांसाठींच लावणाऱ्यानें ‘कोकण बोल्ड’ हा दापोलीच्या कृषि विद्यापीठाचा मोठ्या फळांचा वाण मिळवावा.

कांटे तीक्ष्ण व जोडीजोडीनें असतात. शेळ्या-गुरांना अडविण्यास ते उत्तम; पण जेथें मुलें धांवतात त्या पायवाटेच्या कडेला ही जाळी लावूं नये. तिला बागेची बाहेरची हद्द द्यावी.