‘जन्म दुसरीकडे झाला म्हणून’: गोयाच्या वहीतले गुन्हेगार

स्पेनची राजधानी माद्रिद. तिथल्या प्रादो संग्रहालयात चित्रकार फ्रान्सिस्को दे गोया याच्या एका वहीची सुटी झालेली पानं जपून ठेवली आहेत. शाई आणि कुंचल्याने भराभर काढलेली चित्रं, कोपऱ्यात गोयाने स्वतः टाकलेला पानाचा क्रमांक आणि जोडीला त्याच्याच हातची एखादी ओळ. पान ८५ वर एक कैदी आहे. अंगात लांब झगा, डोक्यावर कागदाची उंच निमुळती टोपी. ओळ अशी: ‘जन्म दुसरीकडे झाला म्हणून’. चार पानं उलटली की ८९ वर तसाच आणखी एक कैदी. त्याचा गुन्हा: ‘जीभ वेगळ्या तऱ्हेने हलवली म्हणून’.

बेळगाव-निपाणीकडच्या वाचकाला या दोन ओळींचा अर्थ फोडून सांगायची गरज नाही. पण त्या कुणासाठी लिहिल्या, आणि असलं गंभीर प्रकरण व्यंगचित्रात कसं मोडतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

तो झगा आणि ती टोपी म्हणजे इन्क्विझिशनच्या आरोपीचा वेश. चर्चच्या शिकवणीविरुद्ध वागणाऱ्या-बोलणाऱ्यांना शोधून शिक्षा करणारं हे धार्मिक न्यायालय स्पेनमध्ये साडेतीनशे वर्षं टिकलं. निकालाच्या दिवशी आरोपींना हा वेश चढवून लोकांसमोर आणत आणि प्रत्येकाचा गुन्हा मोठ्याने वाचून दाखवत. झग्याला सानबेनितो म्हणत, टोपीला कोरोसा. शिक्षा भोगून झाली तरी प्रकरण मिटायचं नाही. तो झगा नाव-गुन्ह्यासकट गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवत. नातवंडांनीही मान खाली घालून त्याखालून जायचं.

गोव्याच्या वाचकांना हे परकं वाटणार नाही. पोर्तुगीजांनी १५६० मध्ये गोव्यात हेच न्यायालय आणलं आणि ते १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, चाललं. त्याच्या कैदेत सापडलेला फ्रेंच वैद्य शार्ल देलों याने सुटल्यावर १६८७ मध्ये पुस्तक लिहिलं आणि असल्याच झग्या-टोप्यांची वर्णनं युरोपभर वाचली गेली. जिभेचं म्हणाल तर १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने कोकणीवर बंदी घालून लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी असं फर्मान काढलं होतं. स्पॅनिशमध्ये ‘लेंग्वा’ या एकाच शब्दाचे जीभ आणि भाषा असे दोन्ही अर्थ होतात. पान ८९ वर गोयाने तोच शब्द वापरला आहे.

आता व्यंग कुठे आहे ते पाहू. कैद्याचं चित्र हसण्यासारखं मुळीच नाही. टोपी विदूषकी आहे, पण ती त्याने स्वतः घातलेली नाही. व्यंग आहे ओळीत. ‘अमुक केलं म्हणून’ ही निकालपत्राची भाषा. गोयाने साचा सरकारी ठेवला आणि आत खरं कारण भरलं. ‘ज्यू वंशाचा म्हणून’. ‘मनाला आलं त्याच्याशी लग्न केलं म्हणून’. ‘पृथ्वी फिरते हे शोधलं म्हणून’, हा अर्थात गॅलिलिओ. एका बाईच्या चित्राला ‘उदारमतवादी म्हणून?’ अशी ओळ आहे आणि पुढे नुसतं प्रश्नचिन्ह. एवढ्या एका खुणेने सगळं न्यायालय उघडं पडतं.

या सगळ्यांत पान ८७ वेगळं आहे. तिथली ओळ लांबली आहे आणि गोया स्वतः तिच्यात साक्षीदार म्हणून उभा राहतो. बोलत होती म्हणून तिच्या तोंडाला बोळा कोंबला, तोंडावर काठ्या मारल्या, मी तिला झारागोझात पाहिलं, असं तो सांगतो. बाईचं नावही देतो, ओरोसिया मोरेनो. आणि तिचा गुन्हा? तिला उंदीर तयार करता येत होते! म्हणजे चेटकीण असल्याचा आरोप. वाचताना आधी हसू येतं आणि मग आपण कशाला हसलो ते कळतं. झारागोझा हे गोयाच्या लहानपणाचं शहर, चित्रकलेचे पहिले धडे त्याने तिथेच घेतले.

हा माणूस काही दरबाराबाहेरचा बंडखोर नव्हता. १७४६ मध्ये फुएन्देतोदोस या लहानशा गावात जन्मलेला गोया १७९९ मध्ये राजाचा मुख्य चित्रकार झाला. राजे, राण्या, सरदार, बिशप, सगळ्यांची तैलचित्रं त्याने केली. मात्र १७९२-९३ च्या आजारपणात त्याचे कान कायमचे गेले. त्यानंतर वह्या सुरू झाल्या. अशा आठ वह्या आता मानल्या जातात आणि अभ्यासकांनी त्यांना ए ते एच अशी अक्षरं दिली आहेत. वरचे कैदी ‘सी’ वहीतले, साधारण १८०८ ते १८१४ या काळातले.

आधीच्या ‘बी’ वहीत तरण्या पोरी, फिरायला निघालेली जोडपी असा मजेचा मामला आहे. पुढे पुढे मात्र चेहरे वेडेवाकडे होतात, मुखवटे येतात, ओळी येतात. त्यातल्या एका पानाचं नाव ‘खुशीचं व्यंगचित्र’. खादाड साधू जेवायला बसलेत आणि एकाचं नाक इतकं लांबलंय की त्याला टेकू द्यावा लागलाय. ते नाक नाकासारखं दिसत नाही, एवढं सांगितलं की पुरे.

याच चित्राचं पुढे काय झालं, त्यात वही आणि छापखाना यांतलं अंतर दिसतं. गोयाने ते छपाईसाठी पुन्हा काढलं. तेव्हा साधूंपुढच्या ताटात चक्क माणसाचं मुंडकं ठेवलं आणि ‘आपल्याला खाणाऱ्या माणसांचं स्वप्न’ अशा अर्थाची ओळ घातली. ‘लोस काप्रिचोस’ या ८० चित्रांच्या संचात ते १३ व्या क्रमांकावर छापलं गेलं, तेव्हा लांब नाक गेलं होतं आणि मुंडकंही गेलं होतं. उरले गरम घास तोंडात घालणारे साधू आणि ‘गरम आहेत’ एवढीच ओळ. ज्याला दुसरा अर्थ कळायचा त्याला कळावा. ही कात्री बाहेरच्या कुणी चालवली नव्हती, गोयाने आपल्याच हाताने चालवली.

कात्री लावूनही संच पचला नाही. ६ फेब्रुवारी १७९९ रोजी माद्रिदच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली, किंमत ३२० रेआल. विक्री अत्तरं आणि मद्य विकणाऱ्या एका दुकानात. ते दुकान ज्या गल्लीत होतं तिचं नाव भ्रमनिरास गल्ली! आत गाढवांचीही एक मालिका होती: गाढव मास्तर गाढवालाच मुळाक्षरं शिकवतोय, गाढव वैद्य रोग्याची नाडी धरून बसलाय, गाढवाच्या वंशावळीत आजोबांपर्यंत सगळी गाढवंच. जेमतेम २७ संच खपले. १८०३ मध्ये गोयाने तांब्याचे पत्रे आणि उरलेले २४० संच राजाला देऊन टाकले आणि बदल्यात मुलाला निवृत्तिवेतन मिळवलं. तरीही आपली तक्रार इन्क्विझिशनकडे गेलीच, असं त्याने १८२५ च्या एका पत्रात लिहिलं आहे.

म्हणून ‘सी’ वहीतली चित्रं त्याने छापली नाहीत. काळही तसाच होता. नेपोलियनने १८०८ मध्ये स्पेनमधलं इन्क्विझिशन बंद केलं, १८१३ मध्ये काडिझच्या संसदेनेही ते रद्द केलं. याच वहीच्या शेवटाकडे ‘दैवी स्वातंत्र्य’ नावाचं पान आहे: गुडघ्यावर बसून हात पसरलेला माणूस, समोरून प्रकाश येतोय आणि जवळ दौत व कागद पडलेत. अंधारकोठडीच्या इतक्या पानांनंतर डोळ्यांना बरं वाटतं. पण १८१४ मध्ये राजा सातवा फर्नांदो परतला आणि त्याने इन्क्विझिशन पुन्हा सुरू केलं. पुढच्याच वर्षी ‘नग्न माखा’ या चित्रावरून खुद्द गोयाला जबाबासाठी बोलावणं आलं. त्या वेळी कैद्यांची ही वही कुणाच्या हाती लागली असती तर नवी ओळ लिहायला त्यांना फार विचार करावा लागला नसता.

१८२४ मध्ये गोया फ्रान्समध्ये बोर्दोला गेला आणि १८२८ मध्ये तिथेच वारला. म्हणजे शेवटी तोही ‘दुसरीकडचा’ झाला. वह्या मुलाकडे, हाविएरकडे आल्या. त्याने त्या सुट्या केल्या आणि पुढे बरीच पानं देशोदेशी विखुरली. ‘सी’ वही बहुतांशी एकत्र राहिली, १८६६ मध्ये ती सरकारी संग्रहात आली आणि तिथून प्रादोत गेली. इन्क्विझिशन कायमचं बंद झालं ते १८३४ मध्ये. तेव्हा गोयाला जाऊन सहा वर्षं झाली होती.

प्रादोच्या संकेतस्थळावर ही पानं कुणालाही पाहता येतात. ८५ पासून सुरुवात करावी आणि क्रमाने पुढे जावं. ओळी स्पॅनिशमध्ये असल्या तरी बहुतेकींचा पहिला शब्द एकच आहे, ‘पोर’. त्याचा अर्थ, म्हणून.